तारांच्या अलीकडे

गाडीतून उतरलो की मी आधी तारा बघतो,
माणसं नंतर.
ही सवय मला नेकुलायनं लावली,
स्वतःला न लावून घेता.

डोम्निकाच्या घराचं तोंड नैऋत्येला,
आणि तिकडेच, रस्त्याकडेनं गेलेल्या तीन तारा,
छपरापासून जेमतेम शिडीभर लांब.
"धुराड्याला बांध डिश," ती म्हणाली,
"शेजाऱ्याची तिथेच आहे, दहा वर्षं."
मी म्हणालो, असू दे.
तिनं काठी उचलून खांब दाखवला:
टोकावर करकोच्याचं घरटं, बैलगाडीच्या चाकाएवढं,
फेब्रुवारीत रिकामं.
"गेल्या साली चार पिल्लं वाढली तिथे.
त्यांना काही होत नाही, आणि तुला होतं?"

करकोचा एकाच तारेवर बसतो, आजी.
त्याचा दुसरा पाय जमिनीवर नसतो.
माझा असतो. शिडीचे तर दोन्ही.

नेकुलायचं मी तिला सांगितलं नाही.
सांगावंच लागलं तर एवढंच सांगतो,
की वारा आला, पाईप कलला
आणि तो सावरायला गेला.
सोडून द्यायचा होता.
पडू द्यायचा होता, दोनशे लेऊंचा पाईप.
नंतर कितीतरी दिवस बायकोच्या हातून कप निसटला
की मी ओरडायचो, जाऊ दे, जाऊ दे,
आणि ती तो झेलून माझ्याकडे बघत राहायची.

म्हणून मी पावलं मोजली.
पाईप जिथून आडवा पडला तरी तारेला पोचत नाही
तिथेच तो उभा करायचा.
जागा निघाली मागच्या अंगणात, खुराड्यापलीकडे.
जमीन गोठलेली, पहारीनं ठिणग्या उडत होत्या.
दोन बादल्या काँक्रीट.
त्यात डोम्निकानं अक्रोडाचं एक टरफल टाकलं,
का ते सांगितलं नाही.

"तारांमुळे चित्र चिरणार नाही ना?"
नाही. गाळणीतून दूध येतं, तसं येईल.

मग केसभर इकडे, केसभर तिकडे,
ती खिडकीतून ओरडत होती: मुंग्या! मुंग्या! अजून मुंग्याच!
आणि एकदम गप्प.
आत गेलो तर पडद्यावर इटलीचा नकाशा,
पुढे नेटका सूट घातलेला माणूस हात हलवतोय.
एक अक्षर कळत नव्हतं तिला.
चष्मा पुसून जवळ गेली, बोटानं पादोव्हा शोधलं,
जिथे व्हियोरिका कुणा परक्या म्हातारीला
न्हाऊ घालते, भरवते, कुशीवर वळवते.
"चार अंश," डोम्निका म्हणाली.
"आणि ही पोरगी मोजे घालत नाही."

मे महिन्यात फोन आला. चित्र गेलं.
बोल्ट घट्ट होते, केबल शाबूत.
डिशच्या मागे उभा राहून
ती जिकडे बघत होती तिकडे बघितलं:
अक्रोड.
फेब्रुवारीत नुसत्या काड्या होत्या,
आता हिरवा, गच्च, सुईही शिरणार नाही असा.
तारा मी मोजल्या होत्या. पानं मोजली नव्हती.

म्हणालो, चूक माझी, पैसे नकोत, जागा बदलतो.
नाहीतर ही एक फांदी...
"फांदीला हात लावशील तर बघ," ती म्हणाली.
टोमॅटोच्या रोपांना काठ्या देत होती,
ओच्यात सुतळीचे तुकडे.
"आता टीव्ही बघायला सवड कुणाला आहे?
ऑक्टोबरात येईल परत."
चित्र म्हणाली की लेक,
मी विचारलं नाही.

खांबावर करकोचा चोच वाजवत होता, तक तक तक तक,
जणू कुणीतरी आत लाकडं फोडतंय.
शिडी आडवी धरून आम्ही तारांखालून गाडीपर्यंत नेली.
उभी धरली तर ती कुठवर पोचते ते मला माहीत आहे.
दुसरं टोक डोम्निकानं धरलं होतं.
"सोडू?" तिनं विचारलं.
म्हणालो, सोड.